नदीकाठची बाग

ओमानमधल्या बौशरच्या एका ऑफिसात मी नकाशे काढतो. गेलं वर्षभर आम्ही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं एक शहर सुधारत होतो. ते शहर पाहिलेलं आमच्यात एकच माणूस, माझ्या शेजारच्या टेबलावरची ओमानी बाई. तिचं बालपण तिथं गेलं, घरी ती अजून स्वाहिली बोलते. तिला वाढवणारी मावशी तिथल्या नदीकाठच्या वस्तीतच राहते.

शहर भसाभस वाढतंय आणि दर पावसाळ्यात नदी घरांत शिरते. म्हणून काठ मोकळा करून तिथं बाग करायची असं ठरलं. ठरलं ते चुकीचं नव्हतं, हे मलाही कळतं. पण उठवलेली माणसं जाणार कुठं, ते आमच्या एकाही शीटवर नव्हतं. मी साहेबांना विचारलं. साहेब पुण्याचे.

"तो आपला स्कोप नाही हो," ते म्हणाले. "आणि तो घरांचा लेयर बंद ठेवा, शीट घाण दिसते."

लेयर बंद केला की सगळी वस्ती एका क्लिकवर नाहीशी होते. वर मथळा मात्र मोठ्या अक्षरांत: सर्वांसाठी राहण्याजोगं शहर. असल्या मथळ्यांची मला शिसारी येते.

बागेचं शीट नेमकं तिच्या वाट्याला आलं. मी करतो म्हटलं, तर ऐकेना. "नहीं भाई. मेरा मोहल्ला है, मैं ही करूँगी." मावशीच्या घराच्या जागी तिनं झाडं काढली आणि सावलीत एक बाक टाकला.

मावशीला सांगणं तिच्या जिवावर आलं होतं. शेवटी एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन लावला. मला स्वाहिली येत नाही, पण एक शब्द कळला, बुस्तानी. बागेला इथल्या अरबीतही बुस्तानच म्हणतात. फोन ठेवून ती म्हणाली, "बहुत खुश हुई."

खूश? माझा घास तोंडातच राहिला.

"घर का नहीं बोला," ती खाली बघत म्हणाली. "बस इतना बोला कि आपके यहाँ बाग आ रहा है. बाकी अगली बार, इन्शाल्ला."

आमच्या ऑफिसात इन्शाल्लावर सोडलेलं काम झालेलं मी कधी पाहिलं नाही. हेही राहिलंच. नकाशे मंजूर होऊन गेले, साहेबांनी सगळ्यांना केक खिलवला.

परवा तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. मावशीनं फोटो पाठवला होता. घरावर नवे कोरे निळे पत्रे, शेजारच्या दोन घरांवरही तसेच. भाचीनं वस्तीला बाग मिळवून दिली, आता इथं चांगले दिवस येणार, म्हणून लोकांनी घरं दुरुस्त करायला घेतली होती. खाली मावशीच्या आवाजातला निरोप होता. भाची थांबत थांबत मला त्याचा अर्थ सांगत गेली आणि शेवटच्या वाक्याला रडायला लागली.

मावशी विचारत होती, बागेचं फाटक आपल्या दारासमोर ठेवता येईल का.