मन नसलेली उपासना

चांगदेव मास्तर रेवदंड्याच्या खाडीकाठच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. आठवडाभर शाळा घ्यायचे आणि रविवारी त्याच खोलीत उपासना चालवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मंडळी वेशीबाहेरच्या वस्तीतली. गावची विहीर त्यांना बंद होती. ओढ्यात खड्डा खणून जे पाणी लागेल ते प्यायचं.

१९२८ च्या वैशाखात त्या पाण्यातून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. मास्तर आणि त्यांची बायको वेणूबाई घरोघर फिरले. पाणी उकळून पाजायचं, घाण काढायची, मेलेल्याला पोचवायचं. ठमी नावाच्या विधवेचे दोन्ही मुलगे एकाच दिवशी गेले. साथ ओसरली असं वाटत असताना वेणूबाईंना जुलाब सुरू झाले आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं.

दफनाची प्रार्थना मास्तरांनी स्वतःच म्हटली. आवाज हलला नाही. मंडळीतला वयस्क बाबाजी लोकांना म्हणाला, "केवढा इश्वास हाय मास्तरांचा!" मास्तरांनी ते ऐकलं. तो विश्वास नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. भिंतीकडे पाहावं तसे ते कबरीकडे पाहत होते.

पाऊस गेला, भातं कापून झाली. मास्तर शाळा घेत होते, आजाऱ्यांकडे जात होते, लेक कोकिळा हिची वेणी घालत होते. कुणाकडे मूल झालं तर आनंद होत नव्हता, कुणी गेलं तर वाईट वाटत नव्हतं. डोळे मिटले की पाढे म्हटल्यासारखी प्रार्थना तोंडातून निघायची.

नाताळाआधीच्या रविवारी प्रवचनाचा विषय होता, सगळ्या मनानं देवाची सेवा. बोलता बोलता ते थांबले.

"मी तुम्हाला हे सांगतोय, पण मला मनच राहिलेलं नाही," ते म्हणाले. "वेणू गेल्यापासून मला काही वाटत नाही. प्रार्थना करतो ती नुसती तोंडानं. हे लपवून तुमच्यापुढे उभं राहणं बरं नव्हे."

बाबाजी ताडकन उठला. "पाळकानंच आसं म्हनायचं, तर आमी कुनाकडं बगायचं, मास्तर?"

"म्हणून तर सांगितलं. दुसरा पाळक हवा असेल तर मी अलिबागच्या मिशनला तसं कळवतो. तुम्ही ठरवा."

मग बायकांच्या बाजूनं ठमी उभी राहिली. उपासनेत तिनं आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"माज्या पोरांना तुमीच उचलून न्हेलंत," ती म्हणाली. "तवापासनं मलाबी काय वाटत न्हाय. मला वाटलं, मी एकलीच हाय आशी. लाजेनं गप ऱ्हायले. तुमी खाली बसा आता. आज परार्थना मी करते."

मास्तर बाकावर बसले. ठमीला प्रार्थनेची भाषा येत नव्हती. आमचे मास्तर दमलेत, त्यांच्याकडे बघ, आणि आम्हाला चांगलं पाणी दे, एवढंच तिनं देवाला सांगितलं. मंडळी 'आमेन' म्हणाली. बाबाजी जरा उशिरानं म्हणाला.

मास्तरांच्या आत काही उजळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते बाबाजीला घेऊन अलिबागच्या सरकारी कचेरीत गेले. वस्तीच्या विहिरीसाठी पुढे कितीतरी हेलपाटे घातले. कारकून उन्हात उभं करायचे, हे उभे राहायचे. अपमानही टोचत नव्हता. अखेर परवानगी मिळाली आणि वस्तीनं आपल्या हातांनी विहीर खणली. मधे मिशननं त्यांना पुण्यातली मोठी मंडळी देऊ केली. "इथल्या लोकांना माझी अवस्था माहीत आहे," म्हणून त्यांनी ती नाकारली. उपासनेतली प्रार्थना मात्र आता मंडळीच आळीपाळीनं करायची. ठमीची पाळी आली की ते मान खाली घालून ऐकत.

१९३५ साली बाबाजी म्हातारपणानं गेला. कबरीशी प्रार्थना करताना मास्तरांनी त्याचं नाव घेतलं. पुढचं वाक्य येईना. ते तिथेच मातीत बसले आणि रडू लागले. आधी बाबाजीसाठी, मग वेणूबाईंना हाका मारून. कोकिळा घाबरून पुढे धावली.

"ऱ्हाऊ दे गं त्यांना," ठमी म्हणाली.

माणसं कबर बुजवत राहिली. मास्तर शांत झाल्यावर ठमीनं त्यांना हात देऊन उठवलं. मग सगळ्यांबरोबर तेही बाबाजीच्या घरी गेले, त्याच्या बायकोजवळ बसायला.