गाडीत मांडीवर, घरात सीटवर

मी बसलो आणि नूपुर पालथी झाली.

नूपुर पाच महिन्यांची. नागपूरच्या हुडकेश्वरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मेघा आणि उन्मेषची मुलगी. त्या रविवारी तिचं उष्टावण होतं. मामानं खिरीत बुडवलेली अंगठी तिच्या ओठांना लावली, तिनं ती खीर मामाच्याच शर्टावर परत केली, आणि एवढ्या कष्टानं दमून ती झोपली. झोपली ती तिच्या कारसीटमध्ये. बादलीसारखा आकार, वर उचलायला हॅण्डल आणि बूड गोलसर. ती सीट दिवाणावरच्या कापसाच्या जाड गादीवर ठेवलेली होती. मी आलूबोंड्याची बशी घेऊन जागा शोधत होतो, तर नेमकी तिच्या शेजारीच रिकामी जागा दिसली. माझं वजन इथं सांगायची गरज नाही, त्या दिवशी गादीनं ते सगळ्यांना सांगितलं. मी टेकलो तशी माझ्या बाजूची गादी खाली गेली, सीट कलली, डुलली आणि कलंडली. लेकराचं तोंड लोडात.

मी बशी सावरली. हो, बशी. माणसाचा हात कुठं जातो ते अशा वेळी कळतं. तोवर स्वयंपाकघराच्या दारातून मेघा खोली ओलांडून आलीसुद्धा होती. तिनं सीट उभी केली, खटका काढला, नूपुरला उचललं. पट्टे इतके सैल होते की पोरगी अर्धी घसरली होती आणि एक पट्टा सरकून गळ्यापाशी आला होता. क्षणभर आवाजच नाही. मग नूपुरनं असा टाहो फोडला की मला वाटलं, जगात याच्याहून गोड गाणं नसेल.

"रडली. म्हणजे बरी आहे," मेघाच्या सासूबाई, कौसल्याबाई म्हणाल्या आणि पुन्हा पुऱ्यांकडे वळल्या.

मेघानं लेकराला छातीशी धरलं, शांत केलं, खाली सतरंजीवर सपाट निजवलं. मग माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "काका, बोंडा सांडला तुमचा." ती मला चार शिव्या देती तर मी सुखानं खाल्ल्या असत्या. पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिचं लक्ष नवऱ्याकडे होतं.

"उन्मेष, पट्टे कोणी ढिल्ले केले?"

"मी केले वं," कौसल्याबाई कढईपासूनच ओरडल्या. "पोट दबून राहिलं होतं लेकराचं!"

"अन् दिवाणावर कोणी ठेवली?"

"मी," उन्मेष म्हणाला. "खाली कोणाचा पाय लागला असता. आता काकाच तिथं जाऊन बसले तं मी काय करू? काकानं पाहून बसायले पाहिजे होतं न."

"काका बसणारच! दिवाण बसायसाठीच असते. पोरगी ठेवायसाठी नसते."

माझ्या बाजूनं इतका चोख बचाव माझ्या बायकोनंही आजवर केलेला नाही.

मेघाचा राग आमच्या वस्तीत प्रसिद्ध आहे, आणि मी त्याचा जुना चाहता आहे. ती वाडीची, म्हणजे नागपूरच्या पार दुसऱ्या टोकाची. वडील मारोतराव तिथल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमालांचे मुकादम होते. घर म्हणजे गोदामामागच्या दोन भाड्याच्या खोल्या, आणि अंगण म्हणजे ट्रक उभे राहायची जागा. मोठी होऊन तीच पोरगी तशाच एका गोदामात बुकिंगच्या काउंटरवर बसली. माल नीट बांधला नसेल तर ती ट्रक सोडत नाही. ड्रायव्हर पंजाबचा असो की तामिळनाडूचा, मेघा चार भाषांत ओरडते, आणि त्यातली चौथी कोणती हे तिलाही ठाऊक नाही.

तिच्या लग्नात उन्मेष घोड्यावर बसून आला. घोडा लंगडत होता. सगळे नाचत होते, घोडा लंगडत होता, आणि हे फक्त नवरीनं पाहिलं, तेही मंगल कार्यालयाच्या खिडकीतून. तिनं निरोप धाडला, "नवरदेव पायी येईन, नाहीतर हार घालणार नाही." उन्मेष शेरवानीत, भर उन्हात, बँडच्या मागं चालत आला. घोडा त्याच्या पुढं, मोकळा. व्हिडिओत तो घोडाच नवरदेव वाटतो.

आणि मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण चोरीला गेलं, तेव्हा पोटुशी असलेली ही बाई त्या भोकापाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून छत्री घेऊन बसली. झाकण येईपर्यंत हलली नाही. आम्ही सगळे तिला ताक नेऊन देत होतो आणि "मेघा, ऊन लागेल, घरात जा" म्हणत होतो. झाकणाबद्दल एकही जण बोलत नव्हता. आठवलं की आजही कान गरम होतात माझे.

आता त्या सीटचं. उन्मेष हा गरीब गाय माणूस आहे, लोकांच्या गच्चीवर सोलर बसवून देतो. लेकरू व्हायच्या आधीच त्यानं धरमपेठेतून ही सीट आणली, तिच्यात उशी ठेवून पट्टे लावायचा सरावही केला. मेघा खूष होती. पण दवाखान्यातून घरी यायच्या दिवशी कौसल्याबाई दारातच अडून बसल्या. "लेकरू पहिल्यांदा घरी येऊन राहिलं, अन् प्लॅस्टिकात? माझी मांडी मेली का?" मेघाला टाके होते, भांडायला जोर नव्हता. नूपुर आजीच्या मांडीवर, पुढच्या सीटवर बसून आली. कारसीट डिक्कीत.

पण आणलेली वस्तू डिक्कीत पडून राहावी हे उन्मेषला बघवेना. त्यानं ती वर आणली. नूपुरला त्यात ठेवलं, पायानं हळूच डोलवलं, पोरगी झोपली. झालं! तेव्हापासून सीट घरभर फिरू लागली. जेवताना डायनिंग टेबलवर, दुपारी दिवाणावर, पाणी आलं की ओट्यावर. कोणी पाहायला आलं की उन्मेष ती डब्यासारखी उचलून फाटकाशी घेऊन यायचा. आणि गाडी बाहेर काढली की? नूपुर आजीच्या मांडीवर! जिथं बांधायची तिथं मोकळी, आणि जिथं मोकळी सोडायची तिथं बांधलेली. शहाण्यासुरत्या माणसांनी एकत्र बसून ठरवलं तरी इतकं तंतोतंत उलटं करता येणार नाही. आणि आम्ही शेजारी? आम्ही म्हणायचो, "वा, काय सोय आहे!" मी स्वतः दोनदा म्हटलं असेल.

मेघा सुरुवातीला समजावून सांगायची. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं की सीट रस्त्यावर, आणि पोचलं की लेकरू बाहेर. घरी पाठीवर, सपाट. सीटमध्ये अर्धवट बसल्यासारखं होतं, मान पुढं पडते, हनुवटी छातीला टेकते, आणि एवढ्याशा जिवाची श्वासाची नळी ती केवढी? एकदा तिनं स्वतःच नूपुरला तसं पाहिलं. मान पडलेली, आणि श्वासाला घुरघुर. त्या दिवसापासून तिचं समजावणं संपलं, ओरडणं सुरू झालं.

उन्मेषचंही काही अगदीच खोटं नव्हतं. "काका, खाली ठेवली की डोळे उघडते. सीटमध्ये दोन घंटे झोपते. झोपलेलं लेकरू उचलणारी माय मी पहिल्यांदा पाहून राहिलो!" असं तो मला जिन्यात सांगायचा. मी मान डोलवायचो. वर गेलो की मेघाचं ऐकूनही मान डोलवायचो. माझी मान पहिल्यापासूनच सैल आहे.

पण आता मान डोलवून भागणार नव्हतं, कारण पुढच्या सोमवारी मेघाची रजा संपत होती. ती वाडीला, नूपुर हुडकेश्वरात. मधे अख्खं नागपूर. सकाळी आजी, दुपारनंतर उन्मेष, आणि मेघाच्या हातात फोनपलीकडे काही नाही.

तर त्या उष्टावणाच्या दिवशी, पाहुण्यांच्या ताटांत खीर, कूलरची घरघर, आणि मधोमध मेघा.

"मी कितीकदा सांगतलं तुमाले? घरात तिले सीटमध्ये झोपवू नका!"

"आम्ही तीन लेकरं झोळीत वाढवले," कौसल्याबाई झारा घेऊनच बाहेर आल्या. "तवा कोणती सीट होती बाप्पा?"

"नव्हती न? मंग आताच काहून लागून राहिली?"

कौसल्याबाईंनी झाऱ्याकडे पाहिलं.

"मेघा, पाहुणे आहे घरात," उन्मेष हळू म्हणाला. "रात्री बोलू."

"रात्री काहून? पोरगी दुपारी पडली."

"अरे, पण तू सोमवारी जाशीन वाडीले! दुपारी ती रडन तं मी काय करू? माझ्या कामाचे फोन येते, हिच्या रडण्यानं मले आयकू येत नाही. सीटमध्ये गप झोपते तं झोपू दे न!"

"रडू दे! रडणारं लेकरू श्वास घेऊन राहिलं असते!"

मामानं खिरीची वाटी टेकवली.

मेघाचा आवाज चढला होता, आता चिरकला. "मी सोमवारी जाऊ कशी, सांगा न मले. समोर ड्रायव्हर उभा, अन् माझ्या डोक्यात पोरीची मान. त्याच्या ट्रकची दोरी पाहू का इथले पट्टे पाहू? इथं एका माणसावर भरवसा नाही मले. एका माणसावर नाही!"

असं म्हणून तिनं नूपुरला आपल्या आईच्या हवाली केलं, सीट उचलली आणि चपला न घालता जिना उतरू लागली.

"मेघा वं! पाहुणे जेवून राहिले!" कौसल्याबाई ओरडल्या.

"वाढा त्याइले!"

मी तिच्यामागं उतरलो. एक तर घोटाळा माझ्या बुडानं केला होता, आणि दुसरं म्हणजे त्या खोलीत आता कुठंही बसायची माझी हिंमत नव्हती.

गाडी फाटकाबाहेर उन्हात उभी होती. मेघानं मागचं दार उघडलं, आतून भट्टीसारखी वाफ आली. तिनं सीट मागच्या काचेकडे तोंड करून ठेवली आणि गाडीचा पट्टा तिच्यातून ओढू लागली. खटका तापून लाल व्हायचा बाकी होता. बोट भाजलं तशी तिनं चौथ्या भाषेत काहीतरी म्हटलं. मी मदतीला म्हणून दुसऱ्या दारातून हात घातला आणि मोठ्या जोरानं एक पट्टा ओढून तिच्या हाती दिला.

"काका, हा पुढच्या सीटचा आहे."

मी तो परत सोडला. तो सट्‌कन जाऊन माझ्याच चष्म्यावर बसला. ती हसली नाही. मीही तशी अपेक्षा केली नव्हती.

सीट काही घट्ट बसेना. ढकलली की हलायची. मेघा ओढत होती, घाम पुसत होती, पुन्हा ओढत होती. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. इतक्यात उन्मेष खाली आला. त्यानं आत डोकावून पाहिलं.

"तसं नाही बसत ते," तो म्हणाला. "गुडघा द्यावा लागते. सरक."

ती सरकली. उन्मेषनं सीटमध्ये गुडघा रोवला, अख्खं वजन टाकलं आणि पट्टा खेचला. खटका वाजला. मग त्यानं सीट धरून हलवून पाहिली. गाडी हलली, सीट नाही.

"आतले पट्टेही घट्ट कर," मेघा म्हणाली.

त्यानं केले.

"आई म्हणून राहिली, संध्याकाळी मंदिरात जाऊ तं ती मांडीवर घेईन," उन्मेष गाडीत डोकं घातल्या घातल्याच म्हणाला.

"आईले सांग, मांडीवर प्रसाद धरा."

"तूच सांग न."

"माय तुझी आहे. तू सांग."

उन्मेष बाहेर आला. शर्ट ओला, तोंड लाल. "सांगतो. सीट आता घरात नाही येणार. पण दुपारी झोपली नाही न, तं व्हिडिओ कॉल करीन तुले. सगळ्या ड्रायव्हराइसमोर रडणं आयकशीन."

"कर. आयकीन."

"दहादा करीन!"

"अकरादा कर. सपाट झोपव."

तो दार आपटून वर गेला. थोड्याच वेळात वरून कौसल्याबाईंचा आवाज आला, मग उन्मेषचा, त्यांच्याहून मोठा. त्या घरात तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मेघा गाडीला टेकून, भाजलेलं बोट तोंडात धरून ते ऐकत उभी होती. कपाळावरची आठी तशीच.

आता मी चाहता माणूस, त्यात अपराधी. मला वाटलं, आपण दोन गोड शब्द बोलावे.

"मेघा," मी म्हणालो, "सीट बसली. नवरा ऐकला, आता तो आईलाही सांगतो आहे. नूपुर वर मजेत पाय झाडते आहे. काही झालं तर नाही ना शेवटी? मग आता कशाला इतका राग?"

तिनं तोंडातून बोट काढलं.

"काही झालं नाही तोवरच रागावता येते, काका."