उद्योजिकेची ओटी

मराठी मंडळाच्या निमंत्रणात पुन्हा ‘उद्योजिका’ हा शब्द वाचला आणि डोकंच फिरलं. बारा वर्षांपूर्वी याच मंडळाने अड्यारला माझा सत्कार केला, तेव्हा मी शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला असलेल्या माझ्या कारखान्यातून थेट गेले होते. हातांना मशीनच्या कूलंटचा उग्र वास होता.

उद्योजकांना शाल आणि माइक मिळाला. माझी पाळी आली तसे अध्यक्ष बायकोला म्हणाले, “अगं, आपल्या उद्योजिका आल्यात, ओटी भर.” माइक त्यांनी समोर बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. बँकेतला माणूस, माझ्या लेथ मशीनवर दहा मिनिटं बोलला! आणि मी तांदूळ सांडू नयेत म्हणून ओढणी घट्ट धरून हसत उभी. तेव्हा मला तो मान वाटला होता.

आज उत्तर पाठवलं, “नवऱ्यालाच बोलवा. ओटीही त्याचीच भरा.”