हरेश्वरच्या टाळूचं तेल

हरेश्वरची टाळू सीलमधून बाहेर आली आणि मला खोबरेलाचा वास आला.

"थांब! काढ ते!" मी ओरडलो.

"आता काय झालं, बीएस्सी?" सूटच्या आतून आवाज आला.

आम्ही लालबागला, संपानंतर बंद पडलेल्या एका गिरणीच्या तलावाकाठी उभे होतो. तळाचा व्हॉल्व्ह बंद करायचा होता. पाणी हिरवं, घाण. म्हणून आमच्या डायव्हरला, हरेश्वरला, ड्रायसूट. त्यात अंगाला पाणी लागत नाही, कारण गळ्याला आणि मनगटांना पातळ रबराची घट्ट पट्टी असते. तिला सील म्हणतात. त्यातून डोकं घालायचं तर पावडर लागते.

मी कुडाळचा, घरातला पहिला ग्रॅज्युएट. पाण्याखालची कामं करणाऱ्या या कंपनीने मला स्टोअरमध्ये घेतलं, याचे उपकार मी आजही मानतो. आधीचं गळ्याचं सील चिकट होऊन फाटलं, तेव्हा केरकर साहेब म्हणाले होते, "पावडर तू निवड. हे शेवटचं सील. हे गेलं तर तुझं प्रोबेशनही गेलं."

मी फाटक्या सीलच्या पट्ट्या कापल्या. एकीला सुवासिक पावडर, एकीला खोबरेल, एकीला पंक्चरवाले ट्यूबला लावतात ती बिनवासाची टाल्कम. खोलीतल्या दोरीवर टांगून ताण बसावा म्हणून प्रत्येकीला एकेक कुलूप लटकवलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "हे काय वाळत घातलंय?" मी म्हटलं, "ऑफिसचं आहे." त्या पुन्हा आमच्याकडे साखर मागायला आल्या नाहीत. आठवड्यात खोबरेलाची पट्टी फुगून तुटली. सुवासिक पावडरीतही अत्तराचं तेल असतं, तीही चिकटली. टाल्कमची नव्यासारखी राहिली. मी चार पानी रिपोर्ट लिहिला. साहेबांनी शेवटची ओळ वाचली.

आणि आता हे डोकं! आधीचं सील कशाने गेलं, ते मला कळलं.

कान वाचवत हरेश्वरला बाहेर काढला आणि गिरणीच्या नळाखाली बसवून साबणाने त्याचं डोकं तीनदा आणि सील एकदा धुतलं. तोवर त्याची आई पुढे आली. ती माहीमच्या कोळीवाड्यातून मुलाबरोबरच आली होती, हातात तेलाची बाटली.

"कोरड्या टाळूनं माजा पोर पाण्यात जायाचा नाय. त्याचा बापूस पण कदी गेला नाय."

"आये, गप ना," हरेश्वर म्हणाला.

"तू गप रं!"

काठावर उभे केरकर साहेब घड्याळाकडे बघत होते, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "मावशी, तळपायांना लावलं तर? तळव्याचं तेल टाळूपर्यंत पोचतं, असं माझी आजी म्हणायची."

हे मी केमिस्ट्रीत शिकलो नव्हतो. मावशींनी विचार केला. "पोचतं खरं," त्या म्हणाल्या आणि अर्धी बाटली त्याच्या तळव्यांत जिरवली. तेल सूटला लागू नये म्हणून मी वर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, त्यांवर लोकरीचे मोजे घातले. टाल्कम लावली आणि डोकं सरकन बाहेर आलं. हरेश्वर मात्र पावलागणिक आतल्या आत घसरत होता. साहेबांनी आणि मी दोन्ही बगलांत धरून त्याला काठापर्यंत नेला.

अर्ध्या तासाने तो वर आला. व्हॉल्व्ह बंद, गळा कोरडा, सील शाबूत. पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला कायम केलं.

मी रबराची चाचणी घेतली, पावडरीची घेतली, त्यातून जाणाऱ्या डोक्याची घ्यायची राहिली होती. तेव्हापासून नवा डायव्हर आला की सूट देण्याआधी मी त्याच्या आईची चौकशी करतो.