अभिरामच्या चोवीस बाटल्या

आमच्या इंदूरच्या छत्रीबागेतला अभिराम निसळ चौतीस वर्षांचा आहे आणि सात वर्षं इलेक्ट्रिकलमध्ये पीएच.डी. करत होता. ‘होता’ मी मुद्दाम लिहिते.

त्याचा विषय ट्रान्सफॉर्मरचं तेल. ट्रान्सफॉर्मर वर्षानुवर्षं तापतो, तेल काळं पडतं, आतल्या तारांवरचा कागद ठिसूळ होतो आणि एके दिवशी सगळा मोहल्ला अंधारात. तो दिवस आधी ओळखता येईल का, एवढाच प्रश्न. त्यासाठी त्याने चोवीस बाटल्यांत तेल, कागद, तांब्याच्या पट्ट्या घालून त्या ओव्हनमध्ये तापत ठेवल्या. सतरा महिने. मी जन्मभर फिजिक्स शिकवलं, म्हणून दर महिन्याचे आकडे तो मला आणून दाखवायचा. अठराव्या महिन्याचं माप राहिलं होतं, आणि त्याच्या मते कागद दगा देणार तो तिथेच. सगळा प्रबंध त्या एका मापावर.

नोव्हेंबरात कॉलेजात तपासणी समिती यायची ठरली. गाईड म्हणाले, “ये काला तेल दो दिन हटाओ, अच्छा नहीं दिखता.” अभिरामने बाटल्या खोक्यात भरल्या, खोका व्हरांड्यात ठेवला आणि कुणी हात लावू नये म्हणून वर लाल अक्षरांत लिहिलं: खतरनाक.

आता इंदुरात जन्मलेल्या माणसाने हे लिहावं? इथे शेंबडं पोरसुद्धा ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करतं. सफाईवाल्या बाईने अक्षरं वाचली आणि खोका घातक कचऱ्याच्या गाडीत दिला. तिचं काय चुकलं? काही नाही. हे मला अभिरामच सांगत होता, पोह्यांची बशी तशीच ठेवून.

“गाडी शोधलीस?”

“शोधली ना, काकू. तोवर सगळं जाळून झालं होतं.”

“मग परत कर.”

“अठरा महिने लागतील. रजिस्ट्रेशन मार्चमध्ये संपतंय, आणि हे शेवटचं एक्सटेन्शन आहे.”

गाईडने तोड काढली: सतरा आकडे आहेत, अठरावा अंदाजाने टाक. पोरींच्या जर्नलमधले चोरलेले आकडे लाल शाईने खोडण्यात माझी हयात गेली, आणि मीही तेच म्हणाले. “टाक रे. कोण बघतंय?”

“कोणी नाही बघणार. पण सतराही आकडे सरळ रेषेत आहेत. शेवटी कागद कोसळतो की नाही, हेच तर बघायचं होतं. मैं ही बना दूं, तो फिर देखा क्या?”

“मूर्ख आहेस.”

“हो, काकू.”

त्याने मुदतवाढीचा अर्ज केला. दोन ओळींचं उत्तर आलं, नियमांत तरतूद नाही. मार्चची एकतीस तारीख मंगळवारी आली आणि गेली. आता तो एका कोचिंगमध्ये अकरावीला शिकवतो. तिथे त्याला सगळे ‘सर’ म्हणतात. त्याचं त्याला काही वाटत नाही, असं तो सांगतो.

परवा किराण्याच्या दुकानात त्याचे वडील, नाना, शेजाऱ्याला सांगत होते, “लिहून झालंय सगळं. फक्त बाइंडिंग बाकी आहे.” अभिराम बाजूलाच पिशवी धरून उभा होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मला चुकीचं बोललेलं सहन होत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी अर्धा किलो साबुदाणा मागितला आणि घरी आले.