एक मोजा सैल, एक घट्ट

बारा वर्षं मी ही गोष्ट टाळली. सांगायची वेळ आली नाही असं नाही. वेळ पुष्कळदा आली, मी विषय बदलला. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही. आता तुम्हाला सांगतो आहे, तर एक आधीच बोलून ठेवतो : माझं वय बघून मऊ होऊ नका. हे केलं तेव्हा मी साठी ओलांडलेला, पेन्शन खाणारा, चारचौघांत मान असलेला माणूस होतो. कळत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

सिल्वासात बायकांसाठी विणकामाचा एक वर्ग होता, तो मी चालवायचो. पुरुष असून विणकाम? हसा. सगळे हसून झाले आहेत. मी शाळेत हस्तकला शिकवायचो, मूळचा कोकणातला. निवृत्त झाल्यावर इथल्या एका महिला मंडळाने वर्ग माझ्याकडे दिला. वापीचा एक व्यापारी आमच्याकडून मोजे घ्यायचा आणि थंड हवेच्या गावांतल्या दुकानांना पुरवायचा. इथल्या उकाड्यात असले मोजे कोण घालतंय? विणायचं आम्ही, पाय दुसऱ्यांचे.

सूत मात्र इथलंच. कारखान्यांत सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे कोन असतात, त्यांवर शेवटी थोडं उरतं, ते आम्हाला मिळायचं. एका कोनावर किती निघेल याचा भरवसा नाही. आणि मी शिकवायचो वरून खाली — आधी पोटरीवरचा जाळीचा काठ, मग टाच, मग तळवा, बोटं सगळ्यात शेवटी. मी शिकलो तसं. बोटांपर्यंत पोचेतो सूत संपायचं. मग निळ्या मोज्याला पिवळं टोक. व्यापारी असे मोजे परत पाठवायचा आणि मी बायकांवर ओरडायचो — हात आवरा, सूत खाता की काय?

दोष त्यांच्या हाताचा नव्हता. हे मला कधी कळलं? रत्ना आली तेव्हा.

रत्ना शिरपूरकडची. नवऱ्यामागून इथे आलेली, अथालला एका खोलीत राहायची, गलोंड्याच्या कारखान्यात पॅकिंगला होती. बारा तास उभं राहायचं काम. वर्गात आली की आधी भिंतीला पाठ लावून पाय लांब करायची. पोटऱ्यांवर सुतळीसारख्या शिरा फुगलेल्या. सुया तिच्या स्वतःच्या — सायकलच्या तारा घासून केलेल्या.

तिने मोजा बोटांपासून सुरू केला. चार टाके, मग वाढवत वाढवत तळवा, टाच वळवली, आणि वर आल्यावर कोनावर जेवढं सूत उरलं तेवढ्याचा जाळीचा काठ. कमी उरलं तर काठ बोटभर, जास्त उरलं तर वीतभर, पानांची नक्षी पाडून. सूत कधी कमी पडलंच नाही. पडणार कसं?

मी म्हणालो, “हे उलटं आहे. मोजा असा विणत नाहीत.”

ती मान वर न करता म्हणाली, “सर, आधी पाय झाकावा, मग नटवावा. तुम्ही तर आधी नटवता, अन् बोटं उघडी टाकता.”

बायका खो खो हसल्या. एक तर म्हणाली, “सर, आता तुम्हीच बसा आमच्यात शिकायला!” — आणि मीही हसलो. दात दाखवले. पण त्या दिवसापासून ती बाई माझ्या डोळ्यांत खुपू लागली. बायका माझ्याकडे पाठ करून तिच्याभोवती बसायला लागल्या. मी फळ्यावर टाके मांडत राहायचो आणि मागे कुजबुज चालायची — रत्नाताई, इथे किती वाढवू? तुम्ही कधी असा तिरस्कार केला आहे का, की समोरच्याच्या बांगडीचा आवाजसुद्धा सहन होत नाही? मी केला आहे. एका पॅकिंगवालीचा, जिने माझं काहीही घेतलं नव्हतं.

मग मंडळाने वर्गाला दुसरी शिक्षिका नेमायचं ठरवलं. माझी जागा जाणार नव्हती — हे मुद्दाम सांगतो, म्हणजे पोटापाण्याची भीती होती असं तुम्हाला वाटायला नको. रत्ना एकदा माझ्याकडे येऊन म्हणाली होती, “हे बसायचं काम आहे सर. मिळालं तर पाय वाचतील.” मी म्हणालो, बघू. म्हणजे मला ठाऊक होतं. पायांचं मला सगळं ठाऊक होतं.

परीक्षा अशी, की प्रत्येकीने एक जोड द्यायचा, आणि व्यापाऱ्याकडची बाई तो पायात घालून बघणार. सकाळी जोड माझ्याकडे जमा झाले. ती बाई तीनला येणार होती. दुपारी बायका डबे खायला बाहेर गेल्या आणि मी कपाट उघडलं.

बोटांपासून विणलेल्या मोज्याचा शेवट वर असतो, काठाशी. तिथे टाके सैल बंद करावे लागतात, नाहीतर मोजा टाचेवरून चढत नाही. रत्ना शेवटची ओळ जाड सुईवर बंद करायची, एवढ्याचसाठी. मी ती ओळ उसवली. टाके बारीक सुईवर घेतले आणि एकेक ओढून आवळून बंद केले. जास्तीचं सूत कापून खिशात घातलं. आणि एकाच मोज्याचं केलं, दुसऱ्याला हात लावला नाही. घाई होती म्हणून? नाही. दोन्ही घट्ट असते तर बाई म्हणाली असती, पुढच्या वेळी सैल कर. एक सैल आणि एक घट्ट — म्हणजे हाताला शिस्तच नाही. जिच्या हाताला शिस्त नाही तिला शिक्षिका कोण करणार? इतका विचार केला होता मी.

तीन वाजता तसंच झालं. पहिला मोजा सहज चढला. दुसरा टाचेशी अडकला, बाईने ओढला, तर जाळीचं एक पान फाटलं. ती म्हणाली, “एक ढीला, एक टाइट. आवुं केम चाले?” असं कसं चालेल, म्हणे.

रत्नाने मोजा हातात घेतला. काठावरून अंगठा फिरवला — पूर्ण एक फेरा. मग माझ्याकडे बघून तिच्या घरच्या बोलीत म्हणाली, “हाऊ मना हात नही.”

“तुझा हात नाही? मग भुताने विणला का?” मी म्हणालो.

बायका हसल्या. ज्या तिच्याभोवती बसायच्या, त्याच. खिशात तिचं सूत होतं आणि मी हसणाऱ्यांकडे बघत होतो. तिने मोजे टेबलावर ठेवले आणि गेली. पुन्हा वर्गात आली नाही. पॅकिंगलाच राहिली.

एवढंच असतं तरी पुष्कळ होतं. पण दोन वर्षांनी मीच बोटांपासून विणायला शिकवू लागलो. परत येणारा माल थांबला. व्यापारी खूश, मंडळ खूश. आजही इथल्या बायका त्याला ‘सरांची पद्धत’ म्हणतात. ती रत्नाची आहे. माझं त्यात काही नाही. ज्या माझ्याकडून शिकल्या त्यांनी हे नीट वाचावं.

गेल्या थंडीत मी अथालला गेलो. ती दारात बसली होती, दोन्ही पाय विटेवर, पट्ट्या गुंडाळलेले. मला ओळखलं. ऊठ-बस काही केली नाही.

“काय सर, रस्ता चुकले?”

मी वाक्य घरून पाठ करून गेलो होतो. तोंडातून आलं ते असं — “मोज्यांचं काम आलंय बरंच. करशील का?”

ती म्हणाली, “तुमची पद्धत मला कुठे येते, सर?”

आतून कुणीतरी हाक मारली. ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. कडी लावल्याचा आवाज मी ऐकला. थोडा वेळ थांबलो. दार वाजवता आलं असतं.

परत येताना रिक्षात, पुष्कळ पुढे आल्यावर, ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं — रत्ना, तो मोजा मी बिघडवला, मला माफ कर.

रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, “क्या बोला, चाचा?”

मी म्हणालो, “कुछ नहीं.”