अण्णाच्या मोबाइलवरची निधनवार्ता

अण्णा गेला तेव्हा मी वरच्या मजल्यावर पेपर वाचत होतो. आमची ही त्याचं ताट घेऊन खाली गेली आणि तिथूनच ओरडली, "अवं, लवकर या की... अण्णा बोलंनात!" मी खाली पोचलो तेव्हा तो खुर्चीत होता. मान कलंडलेली, चष्मा डोळ्यांवर, मोबाइल मांडीवर. त्याच सकाळी त्यानं मला खालून हाक मारली होती, काहीतरी दाखवायचं होतं म्हणे. "येतो नंतर," असं मी वरूनच म्हणालो. ते नंतर काही आलं नाही.

सोलापुरात भवानी पेठेतलं आमचं घर दोन मजली. खाली माझा थोरला भाऊ अण्णा, वर आम्ही नवरा-बायको. अण्णानं सगळी हयात चादरीच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती करण्यात घालवली. मूलबाळ नव्हतं, वहिनी गेली आणि तो एकटा पडला. दोन वेळचं ताट वरून जात होतं, त्यामुळे आपण त्याचं सगळं करतोय असं मला वाटायचं. आमचं भांडण नव्हतं हो. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

मग त्यानं मोबाइल घेतला, दुकानदाराकडूनच अकाउंट उघडून घेतलं, आणि सोलापूरबाहेर फारसा न गेलेला हा माणूस बघता बघता तीनशे जणांचा मित्र झाला. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं. कुणाची मैत्रीची विनंती आली की हा मोबाइलला हात जोडायचा आणि मग स्वीकारायचा. कुणी लग्नाचे फोटो टाकले की लिहायचा, "आमंत्रन न्हवतं, पर आशीर्वाद हाईत." एकदा भर दुपारी डोक्यावरून गार पाणी घेऊन ओलाच अंगणात उभा. काय झालं विचारलं तर म्हणाला, "नांदेडच्या मैतराची आई गेली. आत्ताच कळलं." मला हसू आवरेना. म्हटलं, "अण्णा, न बगितलेल्या मानसाचं कसलं सुतक? ही मानसं तुजी लागत्यात कोन?" टॉवेलनं कान पुसत तो म्हणाला, "लागत कोन न्हाईत रं. पर जेवलास का म्हून इचारत्यात की." ते मला उद्देशून होतं, हे तेव्हाच कळायला हवं होतं. मी मात्र तो किस्सा चार घरी विनोद म्हणून सांगितला.

तेरावा झाला आणि मनात आलं, नातेवाइकांना कळवलं, पण अण्णाच्या त्या मित्रांना कोण सांगणार? पहिल्यांदाच त्याचा मोबाइल हातात घेतला. कशीबशी चाचपडत लिहायची जागा सापडली. वर अण्णाचा फोटो होता, शेजारी त्याचं नाव. पेपरातल्या निधनवार्तेत असतं अगदी तसंच. नाव आणि फोटो आहेतच म्हटल्यावर मी खाली फक्त मजकूर घातला, "आमचे बंधू हृदयविकाराने कालवश झाले." आणि एक काम उरकल्यासारखा मोबाइल ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर शंभरावर लोकांनी लिहिलेलं. "अण्णा, सावरा." "अण्णा, पाठचा भाऊ जाणं फार वाईट, पण तुम्ही खचू नका." "अण्णा, वेळेवर जेवत जा." मी घातलेला मजकूर पुन्हा वाचला, तेव्हा कळलं. लिहिणारा अण्णाच आहे, असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांच्या लेखी मेलो होतो तो मी. तीनशे मित्रांत अण्णासाठी रडणारं एकही माणूस नव्हतं, आणि हे माझ्या हातानं झालं होतं.

चूक दुरुस्त करावी म्हणून बसलो, तर जळगावच्या वसंतरावांचा वेगळा निरोप आलेला होता. हे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, अण्णाशी रोज दुपारी बोलणारे. त्यांनी लिहिलं होतं, "अण्णा, भाऊ वरच राहतो पण खाली येऊन बसत नाही, याचं तुम्हाला किती वाईट वाटायचं ते मला ठाऊक आहे. आता वाट बघणं संपलं. गेलेल्या माणसावर राग धरू नका." मी मागचं सगळं वाचत गेलो. दोन वर्षांचं बोलणं होतं. एका दुपारी अण्णानं लिहिलं होतं, "जिन्यावर पावलं वाजली. ताट हुतं."

खरं कळवायचं म्हणजे वसंतरावांना सांगावं लागणार, की गेला तो वाट बघणाराच. ते मला जमलं नाही. अजून जमलेलं नाही. पेपराची ही पुरवणी जळगावात जात नाही, म्हणून तर इथे लिहायला धजतो आहे... भित्रेपणाच आहे हा, दुसरं काय.

हल्ली दुपारची जेवणं झाली की मी खाली येऊन अण्णाच्या खुर्चीत बसतो. वसंतराव विचारतात, "जेवलात का?" मी लिहितो, "व्हय." गेल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "अण्णा, तुमचा भाऊ माणूस म्हणून कसा होता? बोला, मन हलकं होईल." मी "मायाळू हुता" असं लिहिलं आणि पुसलं. "चांगला हुता" लिहिलं, तेही पुसलं. ते पलीकडे थांबून होते. शेवटी दोनच शब्द पाठवले.

"जवळच ऱ्हायचा."